बेहड्याखाली एकावर एक

न्हाय, ते मला सांगूच नका. झाड आधीपास्नंच वाकडं व्हतं म्हनं. कोन म्हनलं? कोल्हा म्हनला. त्या कोल्ह्यानं जल्मात कवा मान वर करून ते झाड बगितलं व्हतं काय? खाली काय पडलंय तेवढंच त्याला दिसतं. आन आता साक्ष देतोय, वाकडं व्हतं.

पोरांनो, पुढं सरका. त्यो कोल्हा हितं न्हाय, न्हायतर त्याच्या तोंडावर सांगितलं असतं. आता तुमाला सांगतो. झाड सरळ व्हतं. मी काय म्हनतोय ते नीट ऐका, आन मधी कुनी खोकू नका.

तर येक जंगल व्हतं. कुटलं बी धरा, समदी सारखीच. वर वाघ राजा, मधी कोल्हा साहेब, खाली बाकीचे. त्या जंगलाच्या मधोमध येक जुना बेहडा व्हता. त्याच्या बुंध्यात, चांगली उंचावर, येक ढोली व्हती. त्या ढोलीत धनेशीन ऱ्हायची. धनेश म्हंजे ती मोठ्या चोचीची पाखरं, ठाव असंल तुमाला.

आता धनेशांची रीत सांगतो. ही ध्यानात ठेवा, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय.

अंडी घालायची येळ आली की धनेशीन ढोलीत शिरती आन आतनं दार लिपून घेती. चिखल, इष्ठा, बियांचा चोथा, गावंल त्यानं. पाक भिंत घालून टाकती. फकस्त चोच मावंल येवढी फट ठेवती. धनी बाहीरनं उंबरं आनतो, अळ्या आनतो, त्या फटीतनं भरवतो. आन आत बसल्या बसल्या ती अंगावरची समदी मोठी पिसं झाडून टाकती. म्हंजे उडायचं बंद. नवी पिसं फुटंपतुर ती आत. जबरीनं बाहीर काढली तर धोंड्यावानी खाली जाईल.

येडी रीत हाय, असं म्हनाल. पन तिच्या आईनं हेच केलं, आजीनं बी हेच केलं. झाड जागचं हालनार न्हाय, येवढ्या भरवशावर समदं चाललेलं. त्यात तिची काय चूक? झाड चालतंय असं कुनी बगितलंय का?

त्या वर्सी ती आत बसली. दोन अंडी घातली. आन नेमकी तवाच वाघाला जमिनीखालनं वाट पायजे झाली.

कशापायी? तर पानवठ्यावरनं दरबारात येताना जनावरांना ऊन लागायचं. ऊन लागलं की ती दमायची. दमलेली जनावरं मुजरा नीट घालत न्हाईत. वाघाला ते खपंना.

कोल्हा लगीच पुढं झाला. कोल्हा शिकलेला. त्यो आपल्यासारखं बोलत न्हाय.

"महाराज, जमिनीखालून दोन बिळे काढू. एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी."

"शेजारी शेजारी काढा," वाघ म्हनला.

"काढली असती, महाराज. पण जागा अरुंद आहे. एका अंगाला ओढा आहे, आणि दुसऱ्या अंगाला आपली गुहा."

वाघानं नुस्तं बगितलं. दात बी दावलं न्हाईत.

"म्हणून," कोल्हा म्हनला, "एकावर एक काढू."

बगा, किती शानपन. वाघाच्या गुहेखाली खनायचं न्हाय हे कुनी सांगितलं न्हाय, पन समद्यांना कळलं. मंग कुनाच्या घराखाली खनायचं? ज्यो दारच लिपून बसलाय, ज्याला दरबारात येऊन बोंबलता येत न्हाय, त्याच्या. दोन बिळं, मधी ईतभर माती, आन वर बेहडा.

खालचं बीळ दिलं घूसबाईला. वरचं दिलं खवल्या मांजराला. त्याला समदे खवलेशेठ म्हनायचे, अंगावर कौलारू छप्पर असल्यामुळं. दोन बिळं दोघांना का? येकालाच दिली असती तर त्यानं इचार केला असता, की आपन खाली खनलं तर वर काय हुईल. दोघांना दिली की इचार निम्मा निम्मा हुतो, आन निम्म्या इचारानं कुनाची झोप उडत न्हाय.

धनेशाला खबर लागली तसा त्यो कोल्ह्याकडं आला. चोचीत उंबर तसंच.

"साहेब, घरात बाळंतीन हाय."

"अभिनंदन," कोल्हा म्हनला.

"अभिनंदन ऱ्हाऊ द्या. तिच्या अंगावर पिसं न्हाईत. झाड हाललं तर ती कुटं जाईल? तिला पिसं फुटंपतुर थांबा. दुसरं काय मागत न्हाय मी."

"काम थांबवता येत नाही. पण घाबरायचं कारण नाही. नियम आहे. झाड बोटभर खचलं तरी ते खचलं असं धरत नाहीत."

"कुनाचं बोट?"

"म्हणजे?"

"उंदराचं बोट का हत्तीचं? आन साहेब, हत्तीला बोट असतंय का?"

कोल्ह्याला राग आला, पन त्यो गोड हसला. साहेबाला राग आला की त्यो गोडच हसतो.

"असं करू. तुमच्या दारावर पहारा बसवू. लिंपणाला चीर गेली की तिच्यावर कोळीअण्णा एक धागा ताणतील. चीर वाढली की धागा तुटेल. धागा तुटला की काम बंद. मी स्वतः येऊन पाहीन."

धनेशाला बरं वाटलं. धागा काय खोटं बोलत न्हाय, असं त्याला वाटलं. धागा खोटं बोलत न्हाय हे खरंच हाय. फुडं ऐका.

कोळीअण्णा म्हंजे जंगलातला नाववाला इनकर. तीन पिढ्यांची जाळी. त्यानं येऊन लिंपन बगितलं, येक केसायेवढी चीर हुती, तिच्यावर आडवा धागा टाकला. नुस्ता धागा त्याला बरा दिसंना, म्हनून भवतीनं गोल जाळं बी घातलं. धनेशीन फटीतनं बगून म्हनली, "झकास झालंय, अण्णा." कोळी लाजला.

मंग खाली घूसबाई लागली.

पोरांनो, जमिनीत भोक पाडलं की काय हुतं सांगू? भोकाच्या वरची माती वाकून बगती, आत काय चाललंय. वाकती ती वाकतीच. तिच्यावरची तिच्या मागं येती. ती का खाली गेली म्हनून बगायला तिच्यावरची. असं करत करत खबर वर मुळांपतुर पोचती. येळ लागतो, पन पोचती. मातीला पाय नसत्यात म्हनून ती कुटं जात न्हाय, असं फकस्त शिकलेली मानसं म्हनत्यात.

बेहडा बसला. आन समद्या अंगानं सारखा बसला असता तर कुनाला कळलं बी नसतं. पन ओढ्याकडची माती वली. ती जास्त गेली. गुहेकडची कोरडी, ती ऱ्हायली. म्हंजे झाड ओढ्याकडं कललं. लिंपन तडकलं. चीर वाढली. धागा तुटला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर कोल्हा आला. मान वर न करताच इचारलं, "अण्णा, धागा शाबूत आहे?"

"शाबूत हाय, साहेब."

"उत्तम."

गेला. असं रोज चाललं. झाड कलतंय, आन धागा शाबूत.

आत पिल्लं निघाली व्हती. घूसबाईचं बीळ झालं. माती बसंपतुर जरा दम धरावा का न्हाय? न्हाय. लगीच वर खवलेशेठ लागला. घूसबाईनं माती आधीच ढिली केलेली. त्यानं नुस्तं नख लावावं आन माती आपसूक यावी. त्यो लई खूश. म्हनला, "हितली माती गुनी हाय. अशी माती मी कुटं बगितली न्हाय."

त्यानं वरची माती काढली तसं खालचं बीळ कुरकुरलं. गोल व्हतं ते लांबुडकं झालं, भाकरीचा गोळा हातात दाबल्यावानी. घूसबाई धावत वर आली.

"अवो शेठ, माझं बीळ चेंगरतंय. काय करताय वर?"

"मी माझ्या हद्दीत खनतोय. तुझं बीळ तू मजबूत करायचंस."

"मजबूतच व्हतं. तुमच्या पायांनी गेलं."

"माझ्या पायांनी? बाई, माझ्या पायाखाली तू पोकळी केलीस. मीच कवा खाली येईन सांगता येत न्हाय. तुझ्यावर फिर्याद मी करायची का तू माझ्यावर?"

दोघं भांडत कोल्ह्याफुडं गेली. धनेश बी गेला. त्याला वाटलं, आता दोघांची तोंडं उघडली, आता खरं बाहीर पडंल.

कोल्ह्यानं दोघांना बसवलं. आधी घूसबाईला इचारलं, "तुमच्या कामामुळं झाड किती खचलं?"

"बोटभर, साहेब. जास्त न्हाय."

"मर्यादेत. शेठ, तुमच्यामुळं?"

"बोटभर. वर येक केस न्हाय."

"मर्यादेत. दोघांचंही काम मर्यादेत आहे. मग भांडण कशाचं? हस्तांदोलन करा."

दोघांनी हात मिळवलं. घूसबाईच्या डोळ्यात पानी आलं.

धनेश म्हनला, "साहेब, झाड येकच हाय. दोन न्हाईत. ते दोन बोटं खाली गेलं की."

"दोन बोटं कुणी खचवलं?"

"ह्या दोघांनी."

"यांनी एक बोट खचवलं. त्यांनी एक बोट खचवलं. दोन बोटं खचवणारा कोण, त्याचं नाव सांगा. मी आत्ता कारवाई करतो."

धनेशाला नाव सांगता येईना. तुमी सांगा. येतंय? न्हाय येत. म्हनूनच ते कोल्ह्याचे कोल्हे आन आपन आपन.

"आन ते कलतंय त्याचं काय?" धनेश म्हनला. "निस्तं खाली गेलं न्हाय. तिरकं झालंय. पिल्लं आतल्या आत घरंगळत्यात."

"ते झाड आधीपासूनच वाकडं होतं," कोल्हा म्हनला. "आणि धागा शाबूत आहे ना? मग?"

ह्या धाग्यापाशी येऊन धनेशाची बोलती बंद व्हायची. त्याला काय उमजंना. झाड वाकतंय ते डोळ्यांनी दिसतंय. लिंपनातनं आता पंजा जाईल येवढी चीर. आन धागा तुटत न्हाय. म्हनून येक दिवस त्यो चारा आनायला गेलाच न्हाय. फांदीवर दबून बसला, आन फटफटायला लागलं तसा बगत ऱ्हायला.

कोळीअण्णा आला. धागा तुटून लोंबत व्हता. अण्णानं च्यक च्यक केलं, तुटकं टोक गिळलं, आन झराझरा नवा धागा वढला. जरा लांब घ्यावा लागला, चीर वाढली व्हती. मंग मागं सरकून बगितलं, बरा दिसतोय का.

"अण्णा," धनेश म्हनला, "काय करताय?"

"दिसत न्हाय व्हय? तुटलंय, सांदतोय."

"कवापास्नं तुटतंय?"

"रोजच तुटतंय की. तुमच्या झाडाला काय झालंय कुनाला ठाव. माझा धागा आसा तुटायचा न्हाय."

"आन साहेबाला सांगितलं न्हाय?"

"साहेब इचारतो, शाबूत हाय का. तवा शाबूत असतो. मी काय खोटं बोललो?"

धनेशानं फांदीवर चोच आपटली. "अवो अण्णा, त्यो तुटावा म्हनूनच तुमाला बसवलाय. तुटला की काम बंद हुतंय."

"असं कसं?" कोळी तापला. "तुटलेलं जाळं उघड्यावर टाकून कोळी बसतो व्हय? पावना आला, त्यानं बगितलं, काय म्हनंल? माझ्या बापानं मरायच्या दिवशी बी जाळं सांदलं आन मंग पाय आकडलं. मला कुनी सांगितलं न्हवतं तुटकं ठेवायचं. सांगितलं असतं तर मी कामच घेतलं नसतं."

तवा फटीतनं धनेशीन बोलली. ती लई कमी बोलायची.

"अण्णा, रागावू नका. तुमचं काम मी आतनं रोज बगती. माझ्याफुडं दुसरं काय बी नसतं बगायला. पन आज येक दिवस सांदू नका. बाळं दोन्ही येका कोपऱ्यात गोळा हुत्यात. खालचं वरच्याच्या वजनानं दबतं. मी चोचीनं सरळ करती, ती परत तितंच येत्यात. मला पिसांचं नुस्तं कोंब आल्यात. थोडे दिवस मिळालं तर मी भिंत फोडून बाहीर येईन, कुनाला तरास देनार न्हाय."

कोळी आठी पाय येकमेकात अडकवून बसला. मंग म्हनला, "वैनी, माझी लाज जाईल."

"जाईल," ती म्हनली. "मला म्हाईत हाय."

त्यानं नवा धागा आपल्या हातानं तोडला. दोन टोकं लोंबायला सोडली. आन त्यांच्याकडं पाठ करून बसला, कारन त्याला ते बगवंना. जानारी येनारी पाखरं थांबली. मुंग्या हासल्या. येक फुलपाखरू मुद्दाम जवळनं गेलं. कोळ्यानं मान खाली घातली ती वर केली न्हाय.

कोल्हा आला.

"अण्णा, धागा शाबूत आहे?"

"न्हाय, साहेब. तुटलाय."

पयल्यांदा कोल्ह्यानं मान वर केली. धाग्याची लोंबती टोकं बगितली. धनेश फांदीवर, घूसबाई बिळाच्या तोंडाशी, खवलेशेठ तिच्या मागं, समदे वाट बगत व्हते. कायदा एवाना समद्यांच्या कानावर गेला व्हता. धागा तुटला की काम बंद.

"अण्णा," कोल्हा म्हनला, "जाळं तुटलेलं आहे, आणि तुम्ही पाठ करून बसला आहात?"

"साहेब, चीर वाढली म्हनून..."

"मी चिरेचं विचारलं नाही. तुमच्याकडं धागा सोपवला होता. तो तुम्हाला राखता आला नाही. इतक्या वर्षांचं नाव, आणि हा कामचुकारपणा."

अण्णाला काढून टाकलं. भर बाजारात काढलं, समद्यांफुडं. त्याला खरंच वाटत व्हतं की आपली चूक झाली.

त्याच्या जागी नवा कोळी आला. तरनाबांड, चलाख. त्यो धागा तुटायची वाट बगतच न्हाय. तुटायच्या आधीच दुसरा ढिला धागा सोडून ठेवतो. कोल्ह्यानं त्याची लई तारीफ केली. म्हनला, "याला म्हणतात दूरदृष्टी."

त्याच दुपारी खवलेशेठच्या बिळात वरनं बेहड्याचं मोठं मूळ तुटून लोंबायला लागलं. शेठ म्हनला, "बरं झालं, अंग घासायला काय तरी पायजेच व्हतं." त्यो पाठ घासत व्हता तवा वर बेहडा करकरला. ओढ्याकडं गेला, गेला, आन फुडच्या जांभळीवर जाऊन टेकला. पडला न्हाय. पडला असता तर कुनाला तरी काय तरी लिहावं लागलं असतं.

कोल्ह्यानं दवंडी पिटली. झाड पडलेलं नाही. दोन्ही बिळे तयार आहेत. उद्या महाराज वरच्या बिळातून वाजत गाजत जातील, आणि सगळी प्रजा त्यांच्या मागून.

आता ऐका, कसं हाय ते. ढोलीचं तोंड खाली झालंय. धनेश उलटा लोंबकळून चारा देतोय. लिंपन निम्मं गळालंय. ती आतनं अंगानं दार आडवून बसलीया, पिल्लं बाहीर निसटू नयेत म्हनून. तिच्या कोंबांची अजून पिसं झालेली न्हाईत. जांभूळ बारीक हाय, तिची साल सोलपटायला लागलीया. आन उद्या त्या ईतभर मातीवरनं समदं जंगल पाय आपटत जानार, वाघ फुडं, हत्ती बी असतील.

तात्पर्य: पोरांनो, कुनाचं घर कवा बी येकट्यानं पाडू नका. येकट्यानं पाडलं तर चूक तुमची. दोघं मिळून पाडा, निम्मं निम्मं. मंग ते कुनीच पाडलेलं नसतं, आन दोघांचा बी सत्कार हुतो.

झालं तात्पर्य. आता माना डोलवू नका. उठा. दोघं तिघं जाऊन बेहड्याला टेकू लावा, बाकीचे दोन्ही बिळांच्या तोंडात आडवे बसा. वाघ आला तरी उठायचं न्हाय. तिला पिसं फुटंपतुर तितनं हलायचं न्हाय. चला.